हजाराच्या आतली लाल वाइन

कारखान्यात कुठल्याही भागाचं माप सांगतात ते 20 अंश सेल्सियसचं. ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं असो वा नसो, जगभर हाच संकेत पाळतात. पोलाद तापलं की वाढतं. 100 मिलिमीटरचा शाफ्ट मे महिन्यात चाकणच्या शेडमध्ये 40 अंशांवर असेल, तर तो सुमारे 23 मायक्रॉनने मोठा भरतो, आणि तेवढ्यात चांगला भाग नापास होतो किंवा वाईट पास. म्हणून मशीनवरून उतरलेला भाग आधी स्टँडर्ड रूममध्ये आणून ठेवायचा, खोलीइतका गार होऊ द्यायचा आणि मगच मायक्रोमीटर हातात घ्यायचा. माझी सगळी नोकरी अशा खोल्यांत गेली. आधी भोसरीला, नंतर चाकणला. घरी बसून हजार रुपयांच्या आतल्या लाल वाइन चाखायचा नाद मला वयाच्या मध्यावर लागला. त्यातलं जे थोडंफार कळलं, ते या खोलीतल्या शिस्तीमुळे कळलं, असं मला वाटतं.

घरात दारूचं नाव नव्हतं. वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. 1954 साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनायचं, आणि पेनिसिलिन बनतं किण्वनातून. टाकी नीट निर्जंतुक झाली नाही तर अख्खी बॅच कशी वाया जाते, हे मी लहानपणी जेवताना अनेकदा ऐकलेलं. वाइनची ओळख म्हणाल, तर शेजारच्या काकांनी गोव्याहून आणलेली गोड पोर्ट. सर्दीवर औषध म्हणून ती बायकांनाही चमचाभर मिळायची. लाल वाइन म्हणजे गोड, हाच आमच्या पिढीतल्या पुष्कळांचा समज त्या चमच्यातून झाला.

हा समज मोडला एका लेबनीज इंजिनिअरने. आमच्याकडे नवीन सीएमएम, म्हणजे भागांची मापं घेणारं यंत्र, बसवायला मशीनच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. मशीन लावून, कॅलिब्रेट करून, आमच्या माणसांना शिकवून तो जाणार होता. काम लांबलं आणि तो चाकणच्या हॉटेलात कंटाळला. मी त्याला निगडीला, प्राधिकरणातल्या घरी जेवायला बोलावलं. येताना दुबईच्या ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली शातो क्सारा ही लेबनॉनची लाल वाइन त्याने आणली. आईने वांग्याचं भरीत केलं होतं. ते बघून तो खूश झाला. त्यांच्याकडेही वांगं विस्तवावर भाजतात, फक्त कांदा-मिरचीऐवजी तिळाचं वाटण आणि लिंबू घालतात. वाइन त्याने पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली, सगळ्यांना थोडी थोडी ओतली आणि जेवायला लागला. वाइनवर तो काहीच बोलला नाही. बोलत होता तो आपल्या खोऱ्याबद्दल. बेका खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटर उंचीवर आहे, उन्हाळाभर तिथे पाऊस पडत नाही आणि रात्री गारवा असतो. 1857 साली जेझुइट पाद्र्यांनी क्सारा सुरू केली. तिथल्या जमिनीखालच्या रोमन काळातल्या भुयारांत बाटल्या वर्षभर गार राहतात. याच खोऱ्यात बालबेकला रोमनांनी मद्याच्या देवाचं देऊळ बांधलं, आणि ते आजही उभं आहे.

मला आठवते ती त्या वाइनची कोरडी तुरट चव, आणि भरिताचा धुरकट घास घेतल्यावर तो तुरटपणा सौम्य होऊन मागून आलेला फळाचा स्वाद. एकाच ग्लासातली गोष्ट दोन घासांत दोन प्रकारची लागते, हे मला नवीन होतं. मोजमापाच्या माणसाला अशी गोष्ट स्वस्थ बसू देत नाही.

लेबनॉनची वाइन इथल्या दुकानात मिळणं शक्य नव्हतं. आयात वाइनवर केंद्राचाच कर दीर्घकाळ 150 टक्के होता, आणि इतक्या लांबून एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी ती कोण आणणार? पण आमच्या कारखान्यासमोरून जो पुणे-नाशिक रस्ता जातो, त्याच रस्त्यावर देशातल्या वाइनचा निम्मा इतिहास घडलेला आहे. चाकणहून वर निघालं की राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. तिथे शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात शातो इंडाज उभी केली. फ्रेंच तंत्राने केलेली त्यांची फसफसती ‘ओमर खय्याम’ परदेशात विकली जायची. पुढे ती कंपनी कर्जाखाली मोडली. पण द्राक्षांपासून वाइन होऊ शकते, हे जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. आणखी पुढे नाशिक. सुला, यॉर्क, व्हॅलोन, सोमा आणि इतर कितीतरी वायनरी. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली आली. त्यानंतरच्या वर्षी, 2001 मध्ये, राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, करात सवलत मिळाली, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले. दुसऱ्या दिशेला, दौंड तालुक्यात रोटीला फोर सीझन्स आणि अकलूजजवळ फ्रातेल्ली. अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून वायनरी काढली आणि सांजोवेझी ही इटलीची द्राक्षं माळशिरस तालुक्यात लावली. हे सगळं माझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. ज्याला बेका खोरं दूर आहे, त्याला हे पुरेसं आहे.

सुरुवातीच्या काळात माझी मतं रोज बदलत. एकच वाइन, एकाच दुकानातून आणलेली, एकदा आवडायची आणि पुढच्या महिन्यात घशाला जाळायची. जास्त गोंधळ उन्हाळ्यात व्हायचा. मग लक्षात आलं की मी कधी 20 अंशांवर मोजतोय आणि कधी 34 वर. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, दगडी भिंतींची, 16 ते 18 अंशांची. एप्रिलच्या संध्याकाळी प्राधिकरणातल्या पश्चिमेच्या खोलीत भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. एका मे महिन्यात एकाच शिराझच्या दोन बाटल्या आणल्या. एक तशीच ठेवली, दुसरी पाऊण तास फ्रिजमध्ये. तापलेल्या बाटलीतून अल्कोहोल आधी नाकात शिरायचं, चव सैल आणि गोडसर. गार केलेल्या बाटलीत जांभूळ होतं, थोडी मिरी होती, तुरटपणा ताठ होता. तेव्हापासून जूनपर्यंतच्या दिवसांत लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय मी उघडत नाही. फार गार झाली तर तुरटपणा कडू लागतो. तेव्हा ग्लास दहा मिनिटं तळहातात धरायचा.

खरं नुकसान मात्र बाटली घरी येण्याआधीच झालेलं असतं. आपल्या दुकानांत व्हिस्की-बिअरचा खप मोठा, त्यामुळे वाइनला जागा मिळते ती वरच्या फळीवर, छताच्या पत्र्याखाली, ट्यूबलाइटशेजारी, उभी. अशी वाइन वर्ष-दीड वर्षात शिजते. चवीला मुरांब्यासारखा उकडलेपणा येतो, रंग विटकरी होतो. अशी शिजलेली बाटली घेऊन मी एका दुकानात परत गेलो होतो. दुकानदाराने प्रामाणिकपणे विचारलं, ‘यात खराब काय झालंय?’ त्याला चव दाखवायला दुसरी, ताजी बाटली विकत घेऊन उघडावी लागली. त्याने दोन्ही चाखल्या आणि पुढच्या आठवड्यात वाइनची खोकी खालच्या, अंधाऱ्या कप्प्यात हलवली. तो आज माझा मित्र आहे. आपल्याकडची हजाराच्या आतली वाइन बहुतेक लवकर पिण्यासाठीच केलेली असते. तेव्हा लेबलवरचं साल बघावं, सगळ्यांत अलीकडचं घ्यावं, आणि झाकण फिरकीचं असेल तर कमी दर्जाची समजून टाळू नये. उलट आपल्या हवेत बुचापेक्षा ते भरवशाचं.

इन्स्पेक्शनमध्ये एक चाचणी असते, गेज आर अँड आर. तेच भाग, तेच मापक, तीन माणसं. भाग क्रम बदलून पुन्हा पुन्हा मोजायचे आणि पाहायचं की माणसाचं स्वतःचंच माप जुळतं का, आणि माणसामाणसांत किती फरक पडतो. भाग कसा आहे हे नंतर. आधी मोजणारा किती भरवशाचा, ते ठरवायचं. रविवारी दुपारी आमच्याकडे दोन-तीन सहकारी सपत्नीक यायचे, तेव्हा आम्ही ही चाचणी वाइनला लावली. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, आकडे टाकायचे, आणि कुणाला न सांगता एक वाइन दोनदा ठेवायची. आमच्यातले एक साहेब परदेशात राहून आलेले. वाइनवर फार सुंदर बोलायचे. दोनदा ठेवलेल्या वाइनला त्यांनी पहिल्यांदा उत्तम म्हटलं आणि दुसऱ्यांदा सामान्य. पेंट शॉपमध्ये रंगाच्या छटा तपासणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी पहिल्यांदाच वाइन तोंडाला लावली होती. त्या एवढंच म्हणाल्या, ‘दोन आणि पाच एकच आहेत.’ पुढच्या वेळीही त्यांनी जोडी ओळखली, त्याच्या पुढच्या वेळीही. रोज हजार पॅनेलवरची छटा डोळ्यांत धरून ठेवणाऱ्या माणसाला लक्ष देण्याची सवय असते, आणि ती सवय डोळ्यांतून जिभेवर येते, असा माझा तेव्हापासून विश्वास आहे.

या चाचण्यांमुळे किमतीचा धाक गेला. झाकलेल्या बाटल्यांत सातशेची वाइन दोन हजारांच्या वाइनच्या पुढे जाताना आम्ही पाहिली, आणि मागे पडतानाही. महाग वाइन बहुधा ग्लासात जास्त वेळ टिकते. तासाभराने तिच्यात अजून काही सापडतं. स्वस्तातली चांगली वाइन पहिल्या अर्ध्या तासात सगळं देऊन टाकते. जेवणाला अर्धा तास पुरतो.

जेवणाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण आपल्याकडे वाइन चकण्याबरोबर पितात आणि मग ती आवडत नाही. झणझणीत पातळ रश्श्याशी तुरट वाइनचं जमत नाही. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, तुरटपणाने ती जिभेला चिकटून बसते. तेच मटण सुकं केलं, खोबऱ्या-कांद्याचं भाजलेलं वाटण घातलं, तिखट निम्मं केलं, की नाशिकची शिराझ त्याच्याबरोबर फार छान जाते. चरबी आणि खोबरं तुरटपणाला सौम्य करतात, आणि शिराझची मिरी मसाल्याच्या मिरीला भेटते. अकलूजची सांजोवेझी आंबटसर. ती टोमॅटोच्या साराबरोबर, भरलेल्या वांग्याबरोबर घ्यावी. मेथीच्या भाजीबरोबर लाल वाइन कडू होते. पुरणपोळीबरोबर कोरडी वाइन घेऊ नये, गोडाने ती आंबट पाणी होऊन जाते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरीत हे मात्र मला मिळालेलं सगळ्यांत चांगलं ताट. त्याला मध्यम तुरट कॅबर्ने-शिराझ हवी. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह ही बेंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांची वाइन आम्ही याच ताटाबरोबर ओळखीची करून घेतली.

बायको एक ग्लास घेते, मी दीड. बाटली 750 मिलिलिटरची, म्हणजे ती दोन-तीन संध्याकाळी पुरवायची. त्यासाठी आम्ही एक लहान, 375 मिलिलिटरची रिकामी बाटली जपून ठेवली आहे. नवीन बाटली उघडली की लगेच निम्मी वाइन त्या छोटीत गळ्यापर्यंत भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायची. आत हवा उरत नाही, म्हणून ती चार दिवसही नीट राहते. दुसऱ्या दिवशी काही वाइन सुधारतात, हे यातूनच कळलं. कोवळी कॅबर्ने पहिल्या दिवशी कच्च्या सुपारीसारखी तोंड आवळते आणि दुसऱ्या दिवशी मोकळी होते. पहिल्या घोटावरून वाइनवर शेरा मारायचं मी सोडून दिलं ते तेव्हा.

या नादातलं सगळं गोड नाही. आमच्या पट्ट्यात दारू पुष्कळ आहे. सेकंड शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपऱ्यांच्या मागे काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं. आमच्या रविवारच्या मंडळींतला एक जण हळूहळू लवकर येऊ लागला आणि उशिरा जाऊ लागला; बाटल्यांत उरलेलं तो संपवून टाकायचा. त्याच्या बायकोने एकदा स्वयंपाकघरात माझ्या बायकोला सांगितलं की घरी तो रोज पितो आणि याला ‘वाइनचा अभ्यास’ म्हणतो. त्या दिवसापासून रविवारच्या चाचण्या बंद झाल्या. त्याला आम्ही उपचाराला नेलं, सोबत गेलो, आणि तो बरा होईपर्यंत आमच्यापैकी कुणीही त्याच्यासमोर ग्लास धरला नाही. आज तो आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा टेबलावर सोलकढी असते. वाइनमध्ये साधारण 13 टक्के अल्कोहोल असतं, ते व्हिस्कीतलंच अल्कोहोल. जेवणाशिवाय बाटली उघडायची नाही, हा घरातला नियम तेव्हा झाला. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि त्यावर मोठा गदारोळ उठला, तेव्हा दोन्ही बाजूंचं मला पटत होतं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला बाजार हवा हेही खरं, आणि त्या सहकाऱ्याची बायको स्वयंपाकघरात जे बोलली तेही खरं.

शेतकऱ्याचं म्हणणं मी दिंडोरीकडे एका बागेत ऐकलं. फेब्रुवारीचा महिना, तोडा चालू होता. इथल्या वेलीला युरोपातल्यासारखी हिवाळ्याची झोप नाही, म्हणून तिची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा काडी तयार करायची. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा फळ धरायचं. जगात बहुतेक ठिकाणी द्राक्ष उन्हाळ्यात पिकून शरदात उतरतं, आपल्याकडे ते थंडीत पिकतं. दिवसा ऊन, रात्री गारठा. बेकाच्या उंचीने जे होतं, ते आपल्याकडे ऋतू उलटा करून साधलेलं. वाइनची द्राक्षं छोटी, जाड सालीची, बियांची. शेजारच्या खाण्याच्या थॉमसनपुढे दिसायला गरीब. ‘यांना पाणी कमी द्यायचं, घड कमी ठेवायचे,’ बागवाले काका म्हणाले, ‘बापाने शिकवलं त्याच्या बरोबर उलटं.’ माल कमी, पण वायनरीशी भाव आधी ठरलेला. अवकाळी पाऊस आला तर खाण्याच्या द्राक्षासारखा एका रात्रीत सगळा सौदा जात नाही. त्यांनी मला एक शिराझचा मणी दिला आणि साल चावायला लावली. ग्लासातला तुरटपणा कुठून येतो, ते तोंडात कळलं. वेल कुठल्या खुंटावर लावायची, आपल्या जमिनीला डॉगरिज बरा की दुसरा, हे सगळं पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तपासलं जातं, हे त्यांनीच सांगितलं. मी इतकी वर्षं तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर राहत होतो.

तो लेबनीज इंजिनिअर अजून संपर्क ठेवून आहे. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतचं बंदर स्फोटात उडालं, तेव्हा मी घाबरून निरोप पाठवला. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं: घराच्या काचा गेल्या, माणसं आहेत. त्याने पुढे लिहिलं होतं की खोऱ्यात तोडा वेळेवर सुरू होईल. त्याच्या देशात हे नवीन नव्हतं. तिथल्याच शातो म्यूझारची द्राक्षं बेकात आणि वायनरी डोंगरापलीकडे गझीरला. यादवीच्या वर्षांत ते लोक लढाईच्या रेषा ओलांडून ट्रक नेत राहिले, आणि 1976 साली मात्र नेता आले नाहीत म्हणून त्या वर्षीची वाइनच नाही.

मागच्या वर्षी भाचा दुबईहून येताना क्साराची ‘रिझर्व्ह दु कूवाँ’ घेऊन आला. पुन्हा वर्तमानपत्र गुंडाळलं. तिच्यासमोर अकलूजची एक आणि नाशिकच्या दोन, सगळ्या हजाराच्या आतल्या, सगळ्या 17 अंशांवर, पेंट शॉपच्या बाईंना खास बोलावून. जेवणाआधी क्सारा पुढे गेली. तिच्यात सुक्या अंजिराचा आणि देवदारी खोक्याचा वास होता, आपल्या वाइन तिच्यापुढे कोवळ्या वाटल्या. भरीत-भाकरी आल्यावर क्रम बदलला आणि नाशिकची एक शिराझ वर आली. बाईंनी दुसऱ्या फेरीतही तोच क्रम लावला. माझा जुळला नाही. क्सारा आणि अकलूज यांची मी अदलाबदल केली. आपल्या वाइन कोवळ्या राहतात त्या वेलींच्या कमी वयामुळे, की आपण त्यांना दुकानातल्या उन्हाळ्यातून जाऊ देतो म्हणून, हे मला शोधायचं आहे. यंदा एकाच शिराझची सहा बाटल्यांची पेटी थेट वायनरीतून आणली आहे. तीन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहेत आणि तीन दुकानदार मित्राच्या वरच्या फळीवर, पत्र्याखाली. दिवाळीला उघडायच्या.